वडिलांकडून आलेलं कोलेस्टेरॉल आणि पंधरवड्याची सुई

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४, सोलापूर. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम. वडील ४६व्या वर्षी अ‍ॅटॅकने गेले. कारखान्यातल्या तपासणीत माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २६८ निघालं. आठ महिने कोलेस्टेरॉल उतरवणारी रोसुवास्टॅटिन २० ची गोळी चालू आहे, तळलेलं बंद केलं, शेंगा चटणीसुद्धा सोडली, तरी एलडीएल १५२. पुण्याच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी अँटिबॉडीचं इंजेक्शन सुचवलं आहे. यानं प्रतिकारशक्ती बिघडते का? जन्मभर घ्यावं लागतं का? गोळी बंद होईल का? मला नऊ वर्षांची मुलगी आहे. आत्यालाही गेल्या महिन्यात स्टेंट बसला. धाकटी बहीण तिच्याच घरी दिलेली आहे, तिला दोन मुलं आहेत."

आधी चटणीचं बोलतो, कारण ते सोपं आहे. शेंगा चटणी परत सुरू करा. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, आणि त्यातलं तेल बरंचसं चांगल्या जातीचं असतं. मीठ बेतानं घाला, एवढंच. कडक भाकरी, चटणी, दही हे जेवण तुमचा शत्रू नाही. साय, तूप, वनस्पती तूप, बेकरीचा माल कमी केला ते उत्तम, पण तुमच्यासारख्याचं एलडीएल पथ्यानं दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे सहसा हलत नाही. आठ महिने तुम्ही स्वतःला दोष देत जेवत असाल तर ते थांबवा. हे तुमच्या ताटातून आलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय इंजेक्शनबद्दल, पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: हा आजार खरंच घराण्यातून आलाय का, आणि गोळ्यांची ताकद पूर्ण वापरून झाली का. मग तिसरी, की सुरू केलेलं इंजेक्शन वर्षानुवर्षं चालू ठेवता येईल का. चौथी गोष्ट तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. माझ्या दृष्टीने ती सगळ्यात तातडीची आहे, तिच्याकडे शेवटी येतो. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून वाचा.

घराण्यातून आलाय का? जगभर वापरली जाणारी एक गुणांची पद्धत आहे, डच लिपिड क्लिनिकची. एलडीएल २५० ते ३२९ असेल तर पाच गुण. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला, त्याचा एक. म्हणजे सहा गुण तुम्ही प्रश्नातच लिहून पाठवलेत. सहा ते आठ म्हणजे 'बहुधा आहे', आठच्या वर म्हणजे 'नक्की आहे'. उरलेले गुण शरीरावर दिसतात. ट्यूबलाइटखाली पाय मोकळा सोडून बसा आणि टाचेमागची जाड शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपा. ती गुळगुळीत दोरीसारखी लागायला हवी. मध्येच कोलेस्टेरॉल साठून आलेली गाठ, जाडी, खडबडीतपणा लागला तर सहा गुण. बुबुळाभोवती पांढरं कडं असेल तर तुमच्या वयाला चार.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशोक चौकाकडचा एक मागवाला माझ्याकडे पित्त झालं म्हणून आला होता. उठून जाताना त्याची टाच दिसली. शीर माझ्या अंगठ्याएवढी जाड. "चपलेचा पट्टा घासतो, घट्टा पडलाय," म्हणाला. दोन्ही पायांना सारखाच घट्टा, आणि डाव्या हाताच्या बोटांच्या मागच्या शिरांवरही. हाताला कुठली चप्पल घासते? एलडीएल ३१० निघालं. तेव्हापासून मी टाचा बघितल्याशिवाय कोणाचा लिपिड रिपोर्ट वाचत नाही.

यासोबत थायरॉइडची टीएसएच, लघवीतलं प्रोटीन आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. थायरॉइड मंदावलं, किडनीतून प्रोटीन गळत असलं किंवा पित्ताचा मार्ग तुंबला तरी एलडीएल असं चढतं, आणि तिथे इलाज वेगळा. लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, वारशाने ठरणारा आणखी एक कण) नावाची तपासणीही आयुष्यात एकदा करून ठेवा. जनुकीय तपासणी झाली तर चांगलंच, नाही झाली तरी उपचार तिच्यासाठी अडत नाहीत.

आता आजार काय आहे ते सांगतो. सोलापूरकराला सांगायला सोपं जातं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. मागावरच्या धोट्यासारखी त्यांची ये-जा चालू असते. पृष्ठभागावर यायचं, रक्तातलं एलडीएल पकडायचं, आत नेऊन टाकायचं, परत बाहेर. एक धोटा अशा शंभरावर फेऱ्या मारतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी हे रिसेप्टर शोधले, त्याबद्दल १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. तुमच्या आजारात आईवडिलांपैकी एकाकडून आलेली या रिसेप्टरची प्रत सदोष असते. म्हणजे जन्मापासून निम्मेच धोटे धड. साधारण २५० माणसांत एकाला हे असतं, त्यामुळे दुर्मीळ म्हणू नका. तुमच्या कारखान्यात पाचशे माणसं असतील तर बहुधा दुसराही कोणीतरी असेल, फक्त त्याला माहीत नसेल.

शरीरात पीसीएसके-नाइन नावाचं एक प्रोटीन असतं. ते धोट्याला चिकटतं, आणि मग तो धोटा आतून परत येत नाही, एलडीएलबरोबर त्याचीही मोडतोड होते. निरोगी माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही. तुमचे मुळात निम्मे धोटे, आणि त्या निम्म्यांनाही हे प्रोटीन मोडीत काढणार. इंजेक्शनातली अँटिबॉडी या प्रोटीनला रक्तातच पकडून ठेवते. चांगले धोटे वाचतात, जास्त फेऱ्या मारतात, एलडीएल साधारण ६० टक्क्यांनी उतरतं. काम एवढंच.

अँटिबॉडी हा शब्द कोरोनापासून लोकांच्या डोक्यात बसलाय, त्यामुळे प्रतिकारशक्तीची धास्ती मला रोज ऐकायला मिळते. ही अँटिबॉडी एकाच प्रोटीनसाठी बनवलेली आहे. जंतूंशी लढणाऱ्या यंत्रणेला ती मंदावत नाही, भडकवतही नाही. लसही नव्हे, ती शरीराला काही शिकवत नाही. काही आठवड्यांत विरून जाते, म्हणून परत टोचावी लागते. गोळी का नाही, तर ती स्वतःच प्रोटीन आहे, गिळली तर डाळीसारखी पचून जाईल. सध्याच्या दोन औषधांची नावं अ‍ॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब. अमेरिकेत दोन्हींना २०१५ साली परवानगी मिळाली. दोन्ही पूर्ण मानवी धाटणीच्या अँटिबॉडी आहेत. बोकोसिझुमॅब नावाची तिसरी थोडा उंदराचा अंश असलेली होती. रुग्णांचं शरीर तिच्याविरुद्धच अँटिबॉडी करू लागलं, औषधाचा असर उतरू लागला, आणि २०१६ मध्ये कंपनीने ती सोडून दिली.

गोळी बंद होईल का? नाही. कारण गमतीचं आहे. स्टॅटिन, म्हणजे तुमच्या रोसुवास्टॅटिनच्या जातीची गोळी, लिव्हरला जास्त धोटे बनवायला लावते, पण त्याच झटक्यात पीसीएसके-नाइनही वाढतं. एका हाताने देते, दुसऱ्या हाताने थोडं काढून घेते. इंजेक्शन तो दुसरा हात धरून ठेवतं. म्हणून ही दोन औषधं एकमेकांना पर्याय नाहीत, जोडीदार आहेत. एकाला काढलं की एलडीएल पुन्हा वर चढतं.

आता तुमचे आकडे घेऊ. तुम्ही हिशेबनीस आहात, त्यामुळे पटकन कळेल. रोसुवास्टॅटिन २० ने साधारण निम्म्याने उतरायला हवं, म्हणजे २६८ चं १३४. तुमचं १५२ आहे. फरक मोठा नाही, पण मी समोर असतो तर आधी विचारलं असतं: महिन्यात किती गोळ्या राहतात? खरं सांगा. पाकिटावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या की मला न विचारताही कळतं. रात्रपाळी, लग्नाचा गाव, औषध संपलं आणि दुकान बंद, असं करत महिन्यात सहा-सात दिवस जातात. ते भरून काढा, हे सगळ्यात स्वस्त औषध.

मग गोळी ४० ची करायची का? स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की फक्त सहा टक्के आणखी मिळतात. शिवाय आशियाई लोकांत रोसुवास्टॅटिनची रक्तातली पातळी गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढते, म्हणून ४० मी हात राखूनच देतो. त्यापेक्षा इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली तर आहे त्यातले आणखी सुमारे २० टक्के उतरतात: १५२ चं १२२. ही गोळी तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. कदाचित तुम्ही लिहायला विसरला असाल. पण दिलेलीच नसेल तर इंजेक्शनाआधी ती यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत. बेम्पेडोइक अ‍ॅसिड नावाची तिसरी गोळीही आता मिळते. ती आणखी १५ ते २० टक्के देते, म्हणजे साधारण १०० च्या आसपास. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर ती जपून.

पोहोचायचंय कुठे? हृदयविकार अजून झालेला नाही असं धरलं, तरी वडील आणि आत्या पाहता मी ७० च्या खाली बघेन. रक्तवाहिनीत आधीच चरबी साठलेली निघाली तर ५५, आणि आपल्याकडची लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया तर अशा वेळी ५० च्या खाली म्हणते. १२२ वरून इंजेक्शनाने साधारण ५० वर येता येतं. गोळ्यांनी एकट्याने ते बहुधा जमणार नाही. म्हणून तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला मला चुकीचा वाटत नाही. एक पायरी गाळली असण्याची शक्यता आहे, एवढंच.

आता 'जन्मभर का' या प्रश्नाचं उत्तर. दोन अभ्यास शेजारी ठेवतो. फोरियर नावाचा अभ्यास, २०१७. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले, किंवा पायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेले असे २७,५६४ रुग्ण. इव्होलोक्युमॅबने एलडीएल ९२ वरून ३० वर आलं. पण दोन-सव्वादोन वर्षांत हृदयाचे मोठे प्रसंग कमी झाले ते १५ टक्क्यांनी. आता दुसरा, २००६ चा, डॅलसच्या संशोधकांचा. काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत पीसीएसके-नाइनच्या जनुकाची एक प्रत जन्मापासूनच निकामी होती. त्यांचं एलडीएल फक्त २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी! औषधाने एलडीएल दुपटीहून जास्त उतरवलं, तरी फायदा यांचा कितीतरी मोठा. का? कारण यांचं एलडीएल पाळण्यापासून कमी होतं. रक्तवाहिनी आजचा आकडा बघत नाही, आकडा गुणिले वर्षं असं खातं लिहीत असते. तुमच्या खात्यात चौतीस वर्षांची २६८ च्या भावाने नोंद झालेली आहे. पुढची वर्षं कमी भावाने लिहायची आहेत, आणि त्यासाठी सातत्य लागतं.

म्हणून मी एक गोष्ट रुग्णांना आवडत नसली तरी सांगतो: सहा महिने इंजेक्शन घेऊन, रिपोर्टवर ४५ बघून खूश होऊन सोडून देणार असाल, तर सुरू करू नका. बंद केलं की काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी येतं. मध्ये खर्च झाला आणि खात्यात जेमतेम अर्ध्या वर्षाची सूट मिळाली. गोळ्यांच्या तुलनेत खर्च कितीतरी पट आहे. एका सुईची किंमत विचारू नका, वर्षाच्या २६ सुयांची विचारा, आणि तो आकडा घरखर्चाच्या वहीत मांडून बघा. मेडिक्लेम बहुतेक वेळा घरी घ्यायच्या औषधाला पैसे देत नाही, पॉलिसी वाचून घ्या. कंपन्यांच्या सवलत योजना असतात, त्या डॉक्टरांकडेच विचारा, आणि सवलत किती महिने टिकणार तेही लिहून घ्या. जमत नसेल तर तीन गोळ्या रोज, न चुकता. १०० वर वीस वर्षं राहिलेला माणूस मला ४५ आणि १५० मध्ये झोके घेणाऱ्यापेक्षा सुरक्षित वाटतो. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इन्क्लिसिरानही आहे. ती अँटिबॉडी नाही, लिव्हरला ते प्रोटीन बनवूच देत नाही. सुया विसरणाऱ्यांना सोयीची. पण अ‍ॅटॅक टाळल्याचा मोठा पुरावा अँटिबॉडीकडे आधी जमा झाला, म्हणून माझा कल अजून तिकडे आहे.

त्रास काय? टोचल्या जागी लाली, खाज, कधी सर्दी-अंगदुखीसारखं. एलडीएल फार उतरलं तर मेंदूला काही होईल का, ही शंका रास्त होती, म्हणून फोरियरमधल्याच काही रुग्णांची स्मरणशक्ती मुद्दाम तपासली गेली. औषधवाले आणि बिनऔषधवाले यांत फरक निघाला नाही. एलडीएल फक्त १४ असलेली एक धडधाकट तरुणी तर डॅलसच्याच संशोधकांना भेटली होती. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की: मूल होऊ द्यायचं ठरलं की स्टॅटिन आणि हे इंजेक्शन, दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं.

सोलापुरात खरी अडचण औषधाची नाही, उन्हाची आहे. इंजेक्शनाचं पेन (औषध भरलेली तयार सुई) फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर २५ अंशांपर्यंत महिनाभर चालतं, पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घरातसुद्धा २५ कुठे असतं? पुण्याहून आणत असाल तर बर्फाच्या जेलपॅकच्या डब्यातून आणा, पण पेन पॅकला थेट चिकटवू नका. माझ्या एका रुग्णाच्या सूनबाईंनी काळजीपोटी दोन पेनं बर्फाच्या ट्रेशेजारी, फ्रीझरमध्ये ठेवली. गोठलेलं औषध फेकूनच द्यावं लागतं. बिचारी रडली. फ्रीजच्या दारात नको, मधल्या फळीवर, भाजीच्या वर ठेवा.

टोचायच्या आधी अर्धा तास पेन बाहेर काढून ठेवा, थंडगार टोचलं तर चुरचुरतं. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर, दर वेळी जागा बदलून. टोपण काढा, काटकोनात दाबून धरा, बटण दाबा. एक टक् आवाज येतो. घाई करून उचलू नका. पंधरा-वीस सेकंदांत खिडकी पूर्ण पिवळी होते, तोवर धरून ठेवा. पहिल्यांदा दवाखान्यातच करा. तारीख लक्षात राहत नाही ही नेहमीची तक्रार. पंढरपूरकडच्या एका शेतकऱ्याने ती मला शिकवून सोडवली: तो दर एकादशीला घेतो. कॅलेंडर बघावं लागत नाही, उपवासाचं साबुदाण्याचं पातेलं चुलीवर चढलं की बायको पेन बाहेर काढते. एखादा दिवस इकडे-तिकडे झाला तरी चालतं. सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी, पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी रक्त द्या. ६० टक्क्यांच्या जवळपास फरक दिसला नाही तर आधी पेन, फ्रीज आणि गोळ्या तपासायच्या, मग औषधाला दोष.

आता तुमची शेवटची ओळ. वडील ४६ व्या वर्षी गेले आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीला स्टेंट बसला. म्हणजे हे आजीआजोबांपासून आलेलं असावं. तुमच्या बहिणीला वडिलांकडून मिळालेलं असण्याची शक्यता निम्मी. आत्याला असेल, तर तिच्या मुलाला, म्हणजे तुमच्या मेहुण्याला, तितकीच. दोघांनाही असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक या प्रमाणात दोन्ही प्रती सदोष मिळू शकतात. आपल्या भागात आत्याच्या घरी मुलगी देणं नवीन नाही, त्यात दोष काढायचा नाही. पण दोन सदोष प्रतींचा आजार वेगळ्याच जातीचा आहे. एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे जातं, आणि उपचार झाले नाहीत तर हृदयविकार शाळकरी वयात किंवा विशीतच गाठू शकतो. अशा मुलांत धड धोटे फारच थोडे, कधी एकही नसतो. वाचवायला धोटाच नसेल तर तुमचं हे इंजेक्शन तिथे चालत नाही. टेस्ला नावाच्या अभ्यासात अशा रुग्णांत इव्होलोक्युमॅबने सरासरी ३१ टक्केच उतरलं, आणि ज्यांच्यात रिसेप्टर मुळीच नव्हते त्यांच्यात जवळपास काहीच नाही. त्यांच्यासाठी एव्हिनाक्युमॅब ही वेगळी अँटिबॉडी आहे, जिला धोट्यांची गरज लागत नाही, किंवा डायलिसिससारखं यंत्रावर रक्तातलं एलडीएल गाळून काढणं. हे मोठ्या केंद्रांतलं काम आहे, पण आधी कळलं तर.

तुमच्या मुलीचीही लिपिड प्रोफाइल याच महिन्यात करा. उपाशीपोटी नसली तरी पहिल्या तपासणीला चालते. वाढलेलं निघालं तर या आजारात आठ ते दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिनचा विचार होतो, ते बालरोगतज्ज्ञांबरोबर ठरवा.

आणि बहिणीला आज फोन करा. गड्ड्याच्या जत्रेला ती माहेरी येईल तेव्हा बोलू, असं नको. दोन्ही मुलांची कोपरं, गुडघे, ढुंगण आणि बोटांच्या बेचक्या दिवसाच्या उजेडात बघायला सांगा. पिवळसर, लोण्याच्या गोळ्यासारख्या गाठी दिसतात का. दिसल्या तर उद्या, नाही दिसल्या तरी या आठवड्यात दोघांचं रक्त द्या. मेहुण्याचंही.